किनाऱ्यावरचे पक्षी समोर बसून जलरंगात रंगवायचे कसे?

प्रश्न असा आहे: "मी गुहागरजवळच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. दहा वर्षं जलरंगात निसर्गचित्रं करतो आहे. दोन वर्षांपूर्वी पक्ष्यांकडे वळलो. फोटोवरून केलेले पक्षी नीटस होतात, पण पेंढा भरल्यासारखे दिसतात. म्हणून सामान घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागलो, तर पक्षी दोन मिनिटंही एका जागी थांबत नाहीत. कधी लांबवर ठिपक्यांसारखे दिसतात, कधी मुळीच नसतात. पांढरा बगळा तर कागदावर उठतच नाही. समोर बसून हे खरंच जमतं का? सामान काय घेऊ? आणि माझ्या विद्यार्थ्यांना बरोबर नेता येईल का?"

सर, जमतं. मी तुमच्यापासून फार लांब नाही. धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे दापोली तालुका. तिथे आंजर्ल्याच्या खाडीवर गेली सव्वीस वर्षं मी हेच काम करते आहे. तुमच्या अडचणींपैकी निम्म्या चित्रकलेच्या नाहीतच, त्या भरती-ओहोटीच्या आहेत. म्हणून आधी तेच.

"कधी लांबवर, कधी मुळीच नसतात" असं तुम्ही लिहिलंय. शाळा दुपारची असेल तर तुम्ही सकाळी सात-साडेसातला पोहोचत असाल, रोज त्याच वेळी. पण पक्षी घड्याळ पाळत नाहीत, पाणी पाळतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की तुतारी, चिखल्या, कोरल हे किनाऱ्यावरचे पक्षी पार पाण्याच्या कडेपर्यंत विखुरतात, कारण खायला मिळतं ते ओल्या चिखलात. पाणी चढू लागलं की चिखल आखडत जातो आणि तेच पक्षी पावलापावलाने तुमच्याकडे सरकतात. पूर्ण भरतीला ते कोरड्या वाळूवर किंवा खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावर गर्दी करून एका पायावर विसावतात. चित्रकाराची खरी वेळ म्हणजे भरतीच्या आधीचे अडीच-तीन तास. आपण हलायचं नाही, पाणीच पक्ष्यांना आणून देतं.

ही वेळ काढायला मोबाइल लागत नाही. आपल्याकडे जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. द्वादशीला नऊ. चतुर्दशीला साडेदहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण पक्ष्यांसाठी तेवढं पुरतं. आता पाहा, अष्टमीला सकाळी सातला गेलात तर भरती होऊन गेलेली, पाणी उतरतंय आणि पक्षी दर मिनिटाला तुमच्यापासून लांब चाललेत. द्वादशीला साडेसहाला बसलात तर साडेआठपर्यंत ते तुमच्यासमोर येतात. एकादशी ते अमावास्या किंवा पौर्णिमा, हे प्रत्येक पक्षातले पाच दिवस मी कामासाठी राखून ठेवते. बाकीच्या दिवसांत घरचं काम करते किंवा बंदरावर जाते.

उजेडाचं गणितही इथेच येतं. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्षी पूर्ण उजेडात दिसतो. संध्याकाळी तोच पक्षी चमकत्या पाण्यावर काळी आकृती होतो. दोन्ही सुंदर आहे, पण शिकताना सकाळ घ्या. गुहागरच्या किनाऱ्यावर सुरूंची रांग आणि मागचा डोंगर असल्यामुळे ऊन वाळूवर जरा उशिरा उतरतं. त्याआधीचा सावलीतला, निळसर, सपाट उजेड नवख्या डोळ्यांना फार मदत करतो. सावल्या सरकत नाहीत आणि रंग शांत असतात. मुंबईत शिवडीला हेच उलटं आहे. तिथली खाडी पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिथे रोहित (फ्लेमिंगो) बघायचे तर दुपारनंतर.

आता मुख्य गोष्ट, पक्षी थांबत नाही ही.

पक्षी थांबत नाही हे खरं, पण तो परत त्याच ठेवणीत येतो. समुद्री बगळा घ्या. मान आखडून उभा राहतो, मग सावकाश पुढे झुकतो, मान तिरकी करतो, झेप घालतो, गिळतो, मान हलवून अंग झटकतो, चार पावलं चालतो, पुन्हा मान आखडतो. अर्ध्या तासात ही फेरी किती वेळा होते ते एकदा मोजून पाहा. म्हणून पान एक घ्यायचं आणि त्यावर एकाच वेळी पाच-सहा चित्रं उघडी ठेवायची. पहिली ठेवण काढायला घेतली, चार रेषा झाल्या आणि बगळा वळला, तर ती तशीच सोडा आणि शेजारी दुसरी सुरू करा. तो पुन्हा वळला की तिसरी. पाच मिनिटांत तो पहिल्या ठेवणीत परत येईल, तेव्हा पहिल्या चित्राकडे या आणि आणखी चार रेषा घाला. असं तासभर केलं की पानावर दोन चित्रं बरी, दोन अर्धी आणि दोन सोडून दिलेली असतात. ते पान त्या बगळ्याचं असतं. फोटोवरून केलेल्या कुठल्याही चित्रात त्याचं वजन आणि सावधपणा इतका उतरत नाही.

फोटो पेंढा भरल्यासारखा का होतो, याचंही उत्तर यातच आहे. कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागातली एक ठेवण पकडतो. तो क्षण बहुतेक वेळा दोन ठेवणींच्या मधला असतो, आपल्या डोळ्यांना तो कधी दिसलेलाच नसतो. त्यात तुम्ही प्रत्येक पीस सारख्याच लक्षाने काढता, कारण फोटोत ते सगळं सारखंच स्पष्ट असतं. समोर बसलेला माणूस आधी चोचीचा रोख बघतो, मग डोळा, मग पाय कुठे टेकलाय ते. बाकीचं तो अंदाजाने बघतो. चित्रातही तोच क्रम असला तर पक्षी जिवंत वाटतो.

पहिल्या रेषा कुठल्या? बाह्यरेषेपासून सुरू करू नका. अंगाचा कल दाखवणारी एक रेषा, चोचीचा कोन दाखवणारी दुसरी आणि पाऊल जिथे टेकलंय तिथे एक खूण. एवढ्या तिन्हींत पक्षी उभा राहिला पाहिजे. पाऊल चुकलं की पक्षी पडतोच. दोन पायांवर असला तर भार दोन पावलांच्या मध्ये येतो, एका पायावर विसावला की ते पाऊल अंगाच्या बरोबर खाली सरकतं. हे न बघता काढलेले एकपायी पक्षी सगळे कलंडलेले दिसतात. आणखी एक, पायाचा मागे दुमडणारा सांधा हा गुडघा नव्हे, ती टाच. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे कळलं की चालण्यातली ढब आपोआप बरोबर येते.

मापं पक्ष्याच्याच अंगावर घ्या. चोच डोक्याच्या किती पट? कोरलची खाली वळलेली चोच डोक्याच्या जवळजवळ तिप्पट असते. घरी बसून आठवणीने काढताना आपण ती हटकून आखूड करतो, कारण इतकी लांब चोच मनाला पटत नाही. मान आणि अंग यांच्यामधली रिकामी जागा, दोन पायांमधली रिकामी जागा, यांचेही आकार बघा. निसर्गचित्रं करणाऱ्याला झाडांच्या फांद्यांमधून ही सवय झालेली असतेच.

स्मरणाचा सराव वेगळा करावा लागतो. दहा सेकंद बघायचं, डोळे मिटायचे, मिटल्या डोळ्यांपुढे ठेवण आहे का ते तपासायचं आणि मग पक्ष्याकडे न बघता काढायचं. काढून झाल्यावरच वर बघायचं. सुरुवातीला फक्त डोकं आठवतं. दोन-तीन महिन्यांनी अख्खा पक्षी आठवायला लागतो. यासाठी किनाऱ्यावर जायचीही गरज नाही. अंगणातल्या कोंबड्या, कौलावरचा कावळा, साळुंक्या, सगळे चालतात. मी पहिलं वर्ष जवळजवळ शेजारच्या कोंबड्यांवरच काढलं आणि त्यातला एक दिवसही वाया गेला असं मला वाटत नाही.

कुठल्या पक्ष्यापासून सुरू करावं यालाही महत्त्व आहे. खाडीच्या कडेला ढोकरी (छोटा तपकिरी बगळा) बसलेली असते, ती पंधरा-पंधरा मिनिटं हलत नाही. तिच्यापासून सुरू करा. मग समुद्री बगळा. त्याची करडी आणि पांढरी अशी दोन रूपं आपल्याकडे दिसतात. करडा आधी घ्या, कारण तो कागदावर सहज उठतो. मग कुरव (सीगल). हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की कुरव आणि घारी माणसांच्या गर्दीला सरावलेल्या असतात, आपण त्यांच्या लेखी नसतोच. काळ्या आणि तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यात आले की डोकं पांढरं आणि कानाशी फक्त एक काळसर डाग असतो. मार्चपर्यंत त्यांचं डोकं गडद होत जातं. एकाच वहीत नोव्हेंबर ते मार्च कुरवांची डोकी काढत राहिलात तर तो बदल तुमच्या हाताखाली घडताना दिसेल.

छोट्या पक्ष्यांत चिखल्या आणि तुतारी यांच्यात एक फरक आहे, तो चित्रकाराच्या फार कामाचा. तुतारी सतत चिखलात चोच खुपसत पुढे सरकत राहते. चिखल्या मात्र धावतो, थबकतो, बघतो आणि मग टिपतो. त्या थबकण्यात तो पुतळ्यासारखा उभा असतो. म्हणून चिखल्या आधी, तुतारी नंतर. रोहित शेवटी. तुम्ही त्यांच्याबद्दल विचारलं नाहीत, पण सगळ्यांना आधी रोहितच हवे असतात, म्हणून लिहिलं.

दुर्बीण घेणार असाल तर पायावर उभी राहणारी, एका डोळ्याने बघायची घ्या, आणि तिचं बघण्याचं टोक वरच्या बाजूला तिरकं असलेली. सरळ दुर्बिणीत डोळा लावायला मान दर वेळी उचलावी लागते. तिरक्या दुर्बिणीतून खाली बघताना वही त्याच नजरेत येते. वीस-तीस पटींच्या पुढे जाऊ नका. जास्त मोठं केलं की नऊनंतर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरायला लागते आणि पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. दुसरा डोळा उघडाच ठेवायची सवय करा, नाहीतर अर्ध्या तासात डोकं चढतं. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर लार्स यॉनसन हे चित्रकार किनाऱ्यावर दुर्बीण लावून मोठी मोठी जलरंगचित्रं तिथेच करत आले आहेत. त्यांची चित्रं मिळाली तर पक्ष्यांपेक्षा त्यांच्या पायाखालचं पाणी आणि वाळू बघा. दुर्बीण परवडत नसेल तर साधी दोन डोळ्यांची आणि ढोकरी, एवढ्यावर दोन वर्षं निघतात.

सामान कमी न्या. बसायला खुर्ची नको, पोत्याचा तुकडा पुरे. उभ्या माणसाला पक्षी लांबूनच टाळतात, बसक्या आकाराला लवकर सरावतात. सुरूच्या बुंध्याला पाठ लावून बसलात तर आणखी बरं. ४बी पेन्सिल, एक आठ नंबरचा गोल टोकदार ब्रश, एक चार नंबरचा, सुती फडकं आणि गोड्या पाण्याची बाटली. गोड्या पाण्याची हे मुद्दाम सांगते. एका सकाळी बाटली घरी राहिली म्हणून मी समुद्राचं पाणी वापरलं. रंगाला छान रवाळ पोत आला. पण मीठ हवेतली ओल ओढत राहतं. ती पानं कधी पूर्ण वाळलीच नाहीत, आणि आषाढात ती शेजारच्या पानांना चिकटली. त्या वहीतली आठ-दहा चांगली पानं गेली.

कागद सुती चिंध्यांचा, ३०० ग्रॅमचा, मध्यम खरबरीत. पुण्यात १९४० सालापासून हातकागद बनतो आहे, सरावाला तसला कागद चालतो, मात्र एक तुकडा आधी भिजवून तो रंग किती पितो ते बघून घ्या. कोकणात खरा वैरी दमटपणा. कागदाला आतून खळ असते, ती ओलीने बिघडते, आणि मग मध्येच एखाद्या ठिकाणी रंग टिपकागदावर पडावा तसा आत शोषला जातो. तो कागद पुन्हा सुधारत नाही. पावसाळ्यात कागद घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट ठेवा. रंगांचंही तसंच. मध घातलेले रंग आपल्या हवेत सुकतच नाहीत आणि त्यांना बुरशी धरते. श्रावणातल्या एखाद्या कोरड्या दिवशी पॅलेट उघडून उन्हात ठेवायची सवय लावा.

हवेचा परिणाम वेळेवरही होतो. जानेवारीत पहाटे दव असताना दिलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वीस मिनिटं ओला राहतो. मार्चच्या अकरा वाजता तोच मिनिटभरात वाळतो आणि कडा कडक होतात. म्हणून सकाळी आधी मोठे, ओल्यावर ओले वॉश: आकाश, पाणी, चिखल. ते वाळेपर्यंत दुसऱ्या वहीत पेन्सिलने पक्षी. दोन वह्या आलटून पालटून वापरल्या की वाळायची वाट बघण्यात सकाळ जात नाही. मास्किंग फ्लुइड (पांढरी जागा झाकून ठेवायचा चिकट द्रव) मी किनाऱ्यावर नेत नाही. उन्हात ते कागदाला इतकं घट्ट धरतं की काढताना वरचा पापुद्रा निघून येतो. पांढरी जागा सोडूनच रंगवा.

रंग सहा पुरतात: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक गार पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा टिकाऊ लाल आणि एखादा हिरवट निळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोघांच्या कमी-जास्त मिश्रणात खाडीचा सगळा चिखल, करडा बगळा, ओला खडक, पावसाळी ढग, सगळं बसतं. ब्राह्मणी घारीच्या पाठीला तर बर्न्ट सिएना जवळजवळ जसाच्या तसा चालतो. काळा रंग पॅलेटमध्ये ठेवूच नका, त्याने चिखल मेल्यासारखा होतो. या दोघांचं मिश्रण मात्र पॅलेटमध्ये पूर्ण घोटू नका. कागदावरच ओल्या वॉशमध्ये त्यांना भेटू द्या. अल्ट्रामरीनचे कण खाली बसतात, सिएना पसरतो, आणि चिखलाचा तो निळा-तांबूस लखलखाट आपोआप येतो.

आता तुमचा पांढरा बगळा. तो कागदावर उठत नाही, कारण तुम्ही त्याला रंगवता आहात. त्याच्या मागचं रंगवा. मागे ओली वाळू किंवा सुरूंची सावली येईल अशा जागी बसा, ती नेहमीपेक्षा एक पायरी गडद द्या आणि बगळ्याचा आकार कोरा राहू द्या. मग त्याच्या अंगावर नीट बघा, पांढरं असं तिथे फार थोडं सापडेल. उन्हाकडची कडा तेवढी कोरी. सावलीकडची बाजू आकाशाच्या प्रकाशाने निळसर, त्यात लालाचा अगदी एक थेंब. आणि पोटाखालचा भाग तो कशावर उभा आहे त्यावर ठरतो. कोरड्या वाळूवर असेल तर पोट उबदार, ऑकरची झाक असलेलं, कधी कधी पाठीपेक्षाही उजळ. ओल्या चिखलावर असेल तर चिखलातलं आकाश पोटावर परत उमटतं आणि ते गार दिसतं. हे मला कळायला कित्येक वर्षं लागली. एकदा कळल्यावर बगळा आणि वाळू वेगवेगळे रंगवणं मला जमेना. वाळूचा वॉश ओला असतानाच ब्रश त्याच रंगासकट पोटाखाली नेते, पाण्याने पातळ करते आणि तिथेच सोडते. पक्षी त्या जागेचा होतो तो या एका फटकाऱ्याने.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगते. आपल्याकडे पक्षिचित्रणाची थोर परंपरा आहे. जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर तर आहेच, आणि १७७७ पासून कलकत्त्यात इम्पे या इंग्रज दांपत्याच्या खासगी प्राणिसंग्रहातले पक्षी रंगवणारा पाटण्याचा शेख झैनुद्दीनही आहे. त्याचा प्रत्येक पक्षी डोळ्यांत भरतो, पिसांची अशी निगुती आज क्वचित दिसते. पण तो पक्षी पिंजऱ्यातला होता, आणि कागदावर एखाद्या फांदीवर, कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर बसलेला असतो. त्याच्या आजूबाजूला हवा नाही. तुम्ही-आम्ही किनाऱ्यावर बसतो ते त्या हवेसाठी. तुम्ही दहा वर्षं निसर्गचित्रं केली आहेत, म्हणजे हवा रंगवणं तुम्हाला येतं. नुसती पक्षिचित्रं करत आलेल्यांना नेमकं तेच अवघड जातं.

रोहितांबद्दल थोडं. ठाण्याच्या खाडीचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. हिवाळा ते मे तिथे हजारोंनी रोहित असतात. ऐरोलीहून बोटीने जाता येतं, पण हलत्या बोटीत ब्रश चालवणं कठीण, तिथे फक्त पेन्सिल. थवा रंगवताना एकेक पक्षी काढू नका. संपूर्ण थव्याचा एक गुलाबी पट्टा ओल्यात द्या, वाळल्यावर मधले अंधारे तुकडे भरा, म्हणजे पाय आणि माना आपोआप सुटतील. छोटा रोहित गडद, त्याची चोच काळपट किरमिजी. मोठा रोहित पुष्कळसा पांढरा, चोच गुलाबी आणि टोक काळं. सावलीतला गुलाबी म्हणजे जास्त गुलाबी नव्हे, तो करड्या जांभळ्याकडे जातो. आणि दुकानात मिळणारा तो चमकणारा, झगझगीत गुलाबी वापरू नका. तो उजेडात उडून जातो, भिंतीवर लावलेलं चित्र दोन-चार वर्षांत फिकं पडतं. जुन्या पद्धतीच्या ॲलिझरिन क्रिमसनचंही तसंच. नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो, पीव्ही १९ लिहिलेला गुलाबी टिकतो.

पक्षी नसलेल्या दिवसांत खाली बघा. खाडीच्या चिखलात निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) असतात, पाठीवरचा पर उभारून एकमेकांना दाखवत बसतात, आणि दोन झेपांच्या मध्ये मिनिटभर निश्चल असतात. चिखलासारख्या रंगाचा ओला, चकचकीत प्राणी चिखलावर दाखवायचा कसा, हा फार चांगला धडा आहे. तिथे फक्त डोळ्यांवरचा उजेड आणि अंगाखालची सावली एवढंच हाताशी असतं. होडीतून आमचे कोळी ज्याला गादा म्हणतात तो डॉल्फिन दिसला तर कागद बाहेर काढूच नका. पाठ वर येते, वळते, जाते. तीन-चार वेळा नुसतं बघा, किनाऱ्यावर उतरून काढा.

वेळास गावाच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण चालू आहे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्राकडे सोडतात. तिथे दोरीच्या मागे उभं राहून काम करायचं. दिवा नाही, फ्लॅश नाही, कारण पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात. मी तिथे रंग नेत नाही. तळहाताएवढ्या पानांवर पेन्सिलने पिल्लांची चाल काढते, आणि मग पिल्लं गेल्यावर मागे उरलेला माग. भिजलेल्या वाळूवर वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणांची ती बारीक वेणी पाच-सात मिनिटं राहते, मग लाट पुसते. माझ्या वेळासच्या चित्रांत पिल्लांपेक्षा मागच जास्त आहेत.

अंतराबद्दल माझं म्हणणं कडक आहे. चरणाऱ्या पक्ष्याने चरणं थांबवून मान वर केली की तुम्ही जास्त जवळ आला आहात. थांबा. पुन्हा चरू लागला नाही तर मागे सरका. यातले कितीतरी पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियातून आलेले असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. एक थवा उठवला की त्या चरबीतला वाटा जातो. तेव्हाच काहींच्या अंगावर विणीच्या हंगामाचा तांबूस रंग चढत असतो, म्हणून आपल्याला जवळ जायचा मोह होतो. जाऊ नका. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर तिथेच कुठेतरी अंडी आहेत, आल्या पावली परत फिरा. समुद्रगरुडाच्या घरट्याच्या झाडाखाली तर कधीच बसू नका, चित्र कितीही चांगलं होणार असलं तरी.

स्वतःची काळजीही घ्या. उधाणाच्या दिवसांत पाणी झपाट्याने चढतं. आंजर्ल्याला एकदा मी खाडीच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावर बसले होते, दुर्बिणीत कोरल, आणि मागची नाळ (खाडीचा अरुंद फाटा) भरून गेल्याचं कळलंच नाही. पलीकडून एका मावशींनी हाका मारल्या म्हणून कमरेएवढ्या पाण्यातून निघाले. तेव्हापासून पाठीमागे काठी रोवते आणि पाणी तिच्यापर्यंत आलं की उठते. मऊ चिखलात वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय उतरूच नका.

घरी आल्यावर चित्र पुरं करावं का, हा प्रश्न पुढे येईलच. माझं मत: पक्ष्याला हात लावू नका. कडेचा वॉश, तळाची सावली, एवढं चालेल. पण डोळा, चोच आणि पाऊल किनाऱ्यावर जसं आलं तसंच राहू द्या, चुकलं असलं तरी. चुकीच्या शेजारी तारीख, तिथी आणि वेळ लिहा. पुढच्या द्वादशीला तिथेच बसून पुन्हा काढा.

आणि विद्यार्थी. पंधरा-वीस मुलं असतील तर पक्ष्यांकडे नेऊ नका, मुलंही हिरमुसतील आणि पक्षीही उठतील. ओहोटीला खाजणाच्या घट्ट काठावर न्या, जिथे एका मोठ्या नांगीचे छोटे खेकडे असतात. मुलं पोहोचली की सगळे खेकडे बिळांत जातील, चिखल रिकामा दिसेल. मुलांना अर्धवर्तुळात बसवा, मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि पाच मिनिटं कुणी हलायचं नाही, सावलीसुद्धा हलता कामा नये असं सांगा. आधी बिळाच्या तोंडाशी काडेपेटीच्या काड्यांसारखे दोन उभे डोळे दिसतील. चित्र तिथूनच सुरू करायला लावा.